आधी रिकामा बॉक्स

डब्लिनच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही कुठल्या कंपनीत?" इथले निम्मे मराठी लोक कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीत, उरलेल्यांपैकी बरेच लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात. माझा नवराही तिथलाच. त्यामुळे मी फिलिपिनो लोकांपर्यंत जाहिराती पोचवते असं सांगितलं की समोरच्याचा मोदक तोंडाशी थांबतो. मग विचारतात, मनिलाला ऑफिस आहे का? नाही हो, आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल हेच ऑफिस. मग ती भाषा येते का? नमस्कार-चमत्कारापुरती. मग कसं काय? या 'कसं काय'चं उत्तर रांगेत देता येत नाही, तोवर वाटली डाळ हातात आलेली असते. संपादकांनी चांगली ऐसपैस जागा दिली आहे, तर इथे देते.

आधी धंदा काय ते सांगते. पूर्वी दुकानाची पाटी रस्त्यावर लागायची आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती वाचायचा, त्याला गरज असो वा नसो. आमची पाटी फोनवर लागते आणि ती कोणाला दिसावी हे आम्ही ठरवतो. वय काय, राहतात कुठे, कशात रस आहे, अशा चाळण्या लावत जायचं. मग पाटी किती जणांना दिसली, किती जणांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि किती जणांनी खरंच काही घेतलं, हे आकडे रोज सकाळी पडद्यावर येतात. पहिले दोन आकडे क्लायंटला खूश करायला असतात. पोट भरतं ते तिसऱ्यावर.

आणि फिलिपिनोच का? तर इथल्या कुठल्याही हॉस्पिटलात जा, तुमचं बीपी बघणारी नर्स एक तर केरळची असते नाही तर फिलिपिन्सची. वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांना भरवणारे, आंघोळ घालणारे हातही बरेचसे त्यांचेच. ही माणसं कमावती, घरी पैसे पाठवणारी, आणि फोनवर आपल्याला लाजवतील इतकी रमणारी. निळ्या रंगाचं ते जुनं समाजमाध्यम, ज्यावर आपल्याकडे आता फक्त काका-काकू उरलेत, तिथे यांचं अख्खं गाव वसलेलं असतं. लग्नं जमतात, खोल्या मिळतात, केस कापणारी बाई मिळते, सगळं तिथेच.

मी यात पडले ती मात्र डेक्लनमुळे. चेरीवूडला एका जाहिरात कंपनीत मी कामाला होते आणि डेक्लन आमचा साहेब. मनाचा चांगला, पण जगाचा नकाशा त्याच्या डोक्यात फार ढोबळ होता. भात शिजवायचे कुकर विकणारा एक क्लायंट आला, त्याला इथल्या फिलिपिनो घरांत शिरायचं होतं. डेक्लनने काम सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं. तू आशियातलीच ना, तुला जमेल, ग्रँड. नागपूर ते मनिला किती लांब आहे हे त्याला सांगून उपयोग नव्हता. मीही म्हटलं ग्रँड, इथे 'ठीक आहे'ला हाच शब्द.

आम्ही फोटो निवडला. हसरं कुटुंब, मध्ये वाफाळता भात, सगळ्यांच्या हातात त्या खायच्या दोन काड्या. मला त्यात काही म्हणजे काही खटकलं नाही. जाहिरात सुटली आणि तासाभरात खाली हसणाऱ्या चेहऱ्यांचा पूर आला. फिलिपिनो माणूस भात चमच्या-काट्याने खातो, घरी मोकळेपणाने हाताने खातो. काड्या चिन्यांच्या, त्यांचा काय संबंध? आपल्याला कोणी पुरणपोळीच्या जाहिरातीत सुरी-काटा दाखवावा तसं झालं. डेक्लन खोलीत दडून बसला आणि उत्तरं द्यायला मला बसवलं. त्यात लूझ नावाच्या एका बाईने लिहिलं होतं, "मॅम, आमच्याकडे चमचे आहेत." एवढंच. मला इतकं हसू आलं की मी कंपनीची ठरलेली माफीनाम्याची वाक्यं बाजूला ठेवली आणि लिहिलं, "आणि मी हाताने खाते. काड्यांची गरज आपल्या दोघींनाही नाही." त्या एका उत्तराखाली जितकी माणसं बोलायला आली तितकी अख्ख्या जाहिरातीला आली नव्हती. कुकरही खपले, हे मुद्दाम सांगते.

पुढे कंपनीने आमचा मजलाच रिकामा केला. डेक्लनची नोकरी गेली, माझीही गेली. घरी बसून कपाटं आवरायचा कंटाळा आला (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आमच्या घरात आता तेच चालतं), तेव्हा स्वतःचं काम सुरू केलं. एक दाताचा डॉक्टर, एक केक करणारी, एक विमानाची तिकिटं काढून देणारा, सगळ्यांचं गिऱ्हाईक फिलिपिनो. या कामात हळूहळू डोळे उघडत गेले. उदाहरणार्थ, जाहिरातीत किंमत ठळक अक्षरांत लिहिलेली असली तरी खाली पहिली कॉमेंट येणार, 'एचएम पो?' म्हणजे, कितीला हो? त्यातला 'पो' हा आपल्या 'अहो'सारखा, मान देणारा. सुरुवातीला मी चिडायचे. एवढं मोठं लिहिलंय ते दिसत नाही का यांना? नंतर कळलं, किंमत त्यांनी वाचलेली असते. पलीकडे माणूस आहे की नुसतं यंत्र, ते बघायचं असतं. लगेच, आदराने, नावानिशी उत्तर दिलं तर अर्धा सौदा झालाच म्हणून समजा.

दुसरी गंमत ख्रिसमसची. त्यांचा ख्रिसमस सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला सुरू होतो. आमच्याकडे मखराला कोणता रंग द्यायचा यावर भांडणं चालू असतात आणि यांच्या घरांत चांदण्या लटकायला लागतात. आयरिश क्लायंटला सप्टेंबरात ख्रिसमसची जाहिरात द्या म्हटलं की तो माझ्याकडे काळजीने बघतो. पण ज्यांनी ऐकलं ते पस्तावले नाहीत.

आता लूझची गोष्ट. खरं तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

चमचेवाल्या कॉमेंटपासून आमची ओळख वाढत गेली होती. लूझ माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिचे लोक तिला 'आते' म्हणतात, त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणायचा शब्द आहे तो. मीही तेच म्हणायला लागले. बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात तिने खूप वर्षं खोल्या आवरल्या, आणि मग डब्लिनच्या उत्तरेला एका गल्लीत लहानसं दुकान टाकलं. पुढे वाण्याचं सामान, मागे गोदाम, आणि मुख्य धंदा बॉक्स घरी पाठवायचा.

हा बॉक्स काय ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. परदेशी राहणारा फिलिपिनो माणूस घरी नुसते पैसे पाठवून समाधानी होत नाही. तो एक भला मोठा खोका पाठवतो, लहान मूल आत बसेल एवढा. साबण, टूथपेस्ट, मांसाचे डबे, कॉफी, टॉवेल, चॉकलेटं, कपडे, बूट. तो बोटीने जातो, दोन-अडीच महिन्यांनी पोचतो, आणि मग अख्खं घर, शेजारपाजारासकट, भोवती बसून तो उघडतं. ख्रिसमसला पोचायचा तर सप्टेंबर संपता संपता बोटीवर चढलाच पाहिजे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये लूझचा फोन आला. नेहमी हसत बोलणारी बाई, पण आवाज पडलेला. आदल्या वर्षी बॉक्स पाठवणारा दुसरा एक जण लोकांचे खोके घेऊन गायब झाला होता. लूझचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण लोकांनी सगळ्यांनाच एका माळेत ओवलं. तिने ख्रिसमसच्या बोटीसाठी कंटेनर ठरवून ठेवला होता आणि तो अर्धासुद्धा भरत नव्हता. अर्धा रिकामा पाठवण्याची तिची ऐपत नव्हती. भरला नाही तर तो पुढच्या बोटीवर जाणार आणि बॉक्स ख्रिसमसनंतर पोचणार. "मॅम, दुकानाचं काय व्हायचं ते होईल," ती म्हणाली. "पण ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून आधीच बॉक्स आणून दिलेत, त्यांची पोरं ख्रिसमसला दाराकडे बघत बसतील. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, आते, तू निश्चिंत राहा. आणि बाह्या सरसावून कामाला लागले. माझं डोकं शेवटी आपल्या लोकांचं डोकं. आपला माणूस काय बघतो? वेळ वाचला पाहिजे, त्रास कमी झाला पाहिजे, बसल्या जागी बटण दाबून काम झालं पाहिजे. मी ठरवलं, नर्सबाई दमून घरी येते, ती कुठे दुकानं पालथी घालत बसणार? आपण भरलेला तयार बॉक्सच विकू. पानावर वस्तूंचे सुंदर फोटो, हवं ते निवडा, आम्ही भरतो, आम्ही पाठवतो, तुम्ही आराम करा. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. लूझला दाखवलं तर ती म्हणाली, "छान आहे मॅम." हे 'छान आहे' ऐकून मी थांबायला हवं होतं. आपल्याकडे पुण्याचा माणूस तोंडावर 'हे चालायचं नाही' म्हणून मोकळा होतो. लूझच्या लोकांना समोरच्याचं मन मोडायची भारी लाज. त्यांच्या 'छान'मध्ये किती प्रकार असतात ते मला अजून नीट कळत नाही.

जाहिरात गेली. हजारोंनी पाहिली, शेकड्यांनी बोट ठेवलं आणि घेतला एकानेही नाही. एकानेही! 'एचएम पो?' सुद्धा कोणी विचारेना. आणि मग त्यांच्या मोठ्या ग्रुपवर रोवीना नावाच्या एका बाईने आमची जाहिरात चिकटवून लिहिलं की हे बॉक्सवाले सगळे सारखेच, आधी आमचे बॉक्स चोरले आणि आता म्हणतात ते भरणारही तेच. तिच्या खाली लोक तुटून पडले. ज्यांचे खोके लूझच्या गोदामात होते त्यांतले काही परत न्यायला यायला लागले. कंटेनर भरायचा राहिला बाजूला, मी तो रिकामा करायला निघाले होते.

लूझने रोवीनाला निरोप पाठवला, येऊन भेटू का, आणि एका सकाळी मला गाडीत घालून तिच्याकडे नेलं. रोवीना एका वृद्धाश्रमात काम करायची आणि जवळच चौघींमध्ये एक घर घेऊन राहायची. रात्रपाळी करून आली होती, डोळे तांबारलेले, तरी तिने चहा केला आणि पुढे बिस्किटं ठेवली. भांडणाचंच बोलायचं असलं तरी पाहुण्याला खायला घातल्याशिवाय यांचं भांडण सुरू होत नाही.

तिच्या खोलीत मी बघतच राहिले. पलंगाच्या पायथ्याशी तोच तो भला मोठा खोका, वरची झाकणं उघडी, आणि निम्म्याच्या वर भरलेला. बॉक्सवाल्यांवर आग पाखडणारी ही बाई बॉक्स भरत होती. कोणाकडून पाठवणार? ठाऊक नाही, म्हणाली. पण सेलमध्ये काही दिसलं की हात थांबत नाही. टॉवेल कडेने लावलेले, डबे तळाशी, साबण एका अंगाला आणि चॉकलेटं पार दुसऱ्या, वास लागू नये म्हणून. मोज्यांच्या आत मोजे. सगळ्यात वर नवे कोरे काळे शाळेचे बूट, त्यांच्या पोटातसुद्धा खाऊच्या गोळ्या भरलेल्या.

बूट तिच्या लेकीचे, जेनचे. जेन अकरा वर्षांची, तिकडे आजीजवळ राहते. लेकीच्या पायाचं माप कसं घेते ते रोवीनाने मला सांगितलं. तिकडच्या घरातल्या फरश्या तिने स्वतः निवडून बसवून घेतलेल्या, त्यांची लांबी-रुंदी तिला पाठ. व्हिडिओ कॉलवर जेनला फरशीच्या रेघेला टाच लावून उभं करायचं आणि अंगठा फरशीत कुठवर येतो ते बघायचं. मग त्यात थोडं वाढवायचं, कारण बॉक्स समुद्रावर असतो तेवढे दिवस पोर काही वाढायची थांबत नाही. आदल्या वर्षीही तिने असेच बूट पाठवले होते. ते त्या गायब झालेल्या बॉक्सात गेले. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, कदाचित मिळतीलही ते अजून.

"मिळून काय करू?" रोवीना म्हणाली. "तो पाय आता राहिलाच नाही."

खरं सांगते, त्या खोलीत त्या खोक्याकडे बघताना मला आमच्या नागपूरच्या ओट्यासमोर उभी असलेली आई दिसली. दर दिवाळीला ती मला फराळाचा डबा पाठवते. चकल्या मोडू नयेत म्हणून मध्ये चिवडा दाबून भरते, शंकरपाळ्यांच्या पिशवीला दोन गाठी मारते. एका वर्षी मीच शहाणपणा केला होता. आई, गुडघे दुखतात ना, मग हल्ली तयार फराळ परदेशी पाठवणारी दुकानं आहेत, त्यांना सांग, मी पैसे भरते. आई म्हणाली, "असं कर न, दिवाळीपण दुकानातूनच मागव." नंतर दोन दिवस तिने फोन उचलला नव्हता. इतका चांगला मार खाल्लेली मी, आणि तोच शहाणपणा हजारो आयांना जाहिरातीतून शिकवत बसले होते. कमाल झाली माझी.

परत येताना गाडीतच जाहिरात बंद केली. लूझला म्हटलं, आते, आपण उलट्या बाजूने शिरलो. भरलेला बॉक्स विकायचा नाही, रिकामा बॉक्स द्यायचा. घरात रिकामा खोका येऊन बसला की तो भरल्याशिवाय बाईला चैन पडत नाही. आणि ज्यांच्या घरी रोवीनासारखा भरलेला पडून आहे, त्यांना फक्त एवढंच बघायचं आहे की आपला बॉक्स खरंच बोटीवर चढतो. मग तेच दाखवू. गोदाम दाखव, कंटेनर दाखव, रोज, लाइव्ह, तू स्वतः.

लूझ आढेवेढे घ्यायला लागली. अर्धा रिकामा कंटेनर जगाला दाखवायचा? रिकाम्या खाणावळीत कोण पाय ठेवतो? तिचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. लूझ लाइव्ह होती.

आठची वेळ आमची जुनीच ठरलेली. रात्रपाळीच्या नर्सा तेव्हा बसमध्ये असतात, हातात फोन असतो आणि झोप अजून आलेली नसते. लूझने शटर वर केलं, आत गेली, एकेका बॉक्सवर हात ठेवून नाव वाचलं. ही लिमरिकची मारिसा, हा गॉलवेचा अँथनी. मग म्हणाली, यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय आणि माझा कंटेनर भरत नाहीये. भरला नाही तर यांचा ख्रिसमस चुकेल. मला लाज वाटते आहे, पण लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं. ज्यांना भीती वाटते त्यांनी येऊन बघा, बॉक्स आणू नका, नुसते या, कॉफी प्या. आणि जाताना एक रिकामा खोका न्या, फुकट.

मी घरी बसून बघत होते. धंद्यात आपली नड अशी चारचौघांत मांडायची नसते, हे मी क्लायंटला शिकवून पैसे घेते. आणि खाली कॉमेंट आली. 'एचएम पो?' मग दुसरी. मग कॉर्कहून कोणीतरी विचारलं, आमच्याकडे आठ बॉक्स आहेत, घ्यायला येणार का? मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. माझी लेक नाश्ता करत होती, तिने तिच्या आयरिश हेलात विचारलं की मॉम, आर यू ओके? अगदी ग्रँड आहे म्हटलं.

पुढचे दिवस मी जाहिरातीवर खर्च केला तो एवढाच की लूझचं रोजचं लाइव्ह आयर्लंडभरच्या फिलिपिनो नर्सांपर्यंत आणि वृद्धाश्रमांतल्या केअरर्सपर्यंत पोचावं. बाकी सगळं त्या लोकांनी केलं. एकाच्या गाडीत तिघांचे बॉक्स यायला लागले. नेलेले रिकामे खोके भरून परत आले, आधी परत नेलेलेही काही मुकाट्याने आले. लूझ एका शब्दाने कोणाला लागेल असं बोलली नाही. रोज सकाळी कंटेनरची रिकामी जागा थोडी थोडी कमी होताना दिसायची. मी रोज लाइव्ह संपलं की आईला फोन करून सांगायचे, आणि आईही विचारायची, झाला का तुझा डबा भरून?

कंटेनर बंद करायच्या दिवशी थोडी जागा उरली होती, पण लूझ म्हणाली, एवढी चालेल, आता निघायचं. ड्रायव्हर घाई करत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक टॅक्सी थांबली आणि रोवीना उतरली. मागची सीट पाडून तिचा खोका आडवा घातलेला. टॅक्सीवाल्या आयरिश म्हाताऱ्याने आणि लूझने मिळून तो उचलला. रोवीना आमच्याकडे न बघता थेट कंटेनरपाशी गेली. आपला बॉक्स आत नीट बसला का ते बघितलं, दारं लागेपर्यंत उभी राहिली आणि कुलूप स्वतः दोनदा ओढून बघितलं. मग म्हणाली, बघू.

त्या 'बघू'ने माझे पुढचे अडीच महिने खाल्ले. समुद्रावरच्या बोटीला जाहिरात ढकलू शकत नाही. मी दिवाळीच्या चकल्या तळताना नवऱ्याला विचारत होते, वादळबिदळ नाही ना कुठे? तो म्हणाला, तू आता हवामान खात्यातही नोकरी धर.

ख्रिसमसच्या थोडं आधी लूझचा निरोप आला, दुकानात ये, बॉक्स पोचायला लागलेत. मी गेले तर रोवीना आधीच तिथे. पाळीवरून थेट आलेली, अंगावर कामाचा गणवेश. घरून फोन आला होता, बॉक्स आलाय, पण आईशिवाय उघडायचा नाही म्हणून सगळे थांबलेत. आणि हा फोन तिला खोलीत एकटीने घ्यायचा नव्हता. मला वाटलं, लूझच्या सोबतीसाठी आली असेल, पण तिच्या मनात आणखी काही होतं. तिने घरी व्हिडिओ कॉल लावला, फोन काउंटरवर डब्यांच्या आधाराने उभा केला आणि ज्या ग्रुपवर आम्हाला झोडपलं होतं, त्याच ग्रुपवर लाइव्ह चालू केलं.

पडद्यावर एक खोली, भिंतीवर लुकलुकणारी चांदणी, आजी, मामा, शेजारची दहा-बारा डोकी, आणि मध्ये खोका. चिकटपट्टी कापली. टॉवेल निघाले, डबे निघाले, प्रत्येक वस्तू कोणाची ते रोवीना इथून सांगत होती. बूट निघाले तशी सगळी पुढे सरकली. जेन खाली बसली, गोळ्या आजीच्या ओटीत ओतल्या, मोजे चढवले आणि पाय घातला. उभी राहिली. रोवीना फोनवर इतकी वाकली की तिचा श्वास काचेवर दिसत होता.

"अंगठा कुठे लागतोय? वरून दाब," ती म्हणाली. त्यांच्या भाषेत म्हणाली, लूझने मला कानात सांगितलं. जेनने वाकून बुटाचं टोक दाबलं. मग एक बोट उभं करून कॅमेऱ्यासमोर धरलं. एका बोटाची जागा शिल्लक, हवी होती तेवढीच.

रोवीना मागे सरकली आणि गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले. मी तर आधीच रडत होते, लूझनेही काउंटरखालचा टिश्यूचा डबा वर घेतला. इतक्या लांबून, एका फरशीच्या हिशोबाने, बोटभरही चूक नाही. माझ्याकडे माणसाची आवड-निवड ओळखणारी एवढी यंत्रं आहेत, पण तेव्हा मला त्यांतलं एकही आठवलं नाही.

"जूनपर्यंत पुरतील," रोवीना लेकीला म्हणाली. "जूनमध्ये मला सुट्टी मिळाली आहे. पुढचं माप मी येऊन घेईन."

तिकडे जो आरडाओरडा झाला तो काही विचारू नका. फोन बंद झाल्यावर रोवीनाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि लूझकडे वळून एक रिकामा खोका मागितला. लूझने चेष्टेने विचारलं, आता कशाला, तू तर स्वतःच चाललीस. तिने असं पाहिलं की जणू आम्ही दोघी वेड्या आहोत.

"मी पोचेन तेव्हा तो आधी पोचलेला पाहिजे ना," ती म्हणाली. "घरी काय रिकाम्या हाताने जायचं?"

घडी केलेला खोका काखेत मारून ती बस पकडायला निघून गेली. काउंटरवर लूझचा फोन वाजला. रोवीनाच्या त्या लाइव्हखाली नवी कॉमेंट आली होती. लूझने ती वाचली आणि उत्तर दे म्हणून फोन माझ्या हातात दिला.

'एचएम पो?'